मिस्टरांची दारू सुटलीय, आता पाळकसाहेब म्हणतात घरसभा घ्या. घ्यावी का?

नगरची_सून:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मिस्टरांची दारू सुटून वर्ष होऊन गेलं, प्रभूची कृपा. आता पाळकसाहेबांनी सांगितलंय की वाडीतली शनिवारची घरसभा तुम्ही घ्या, म्हणजे वचन वाचायचं, दोन शब्द बोलायचे, प्रार्थना करायची. हे नाहीच म्हणतात, ज्यांनी मला गटारातून उचलून घरी आणलं त्यांच्यासमोर बायबल कुठल्या तोंडाने उघडू म्हणे. आणि मंडळीत पण कुजबुज चालू झालीय, परवा प्रीतिभोजनाला पत्रावळ्या मांडताना एक बाई मला ऐकू जाईल अशाच बोलल्या की आता एवढंच बघायचं राहिलं होतं. मला वाटतं यांनी घ्यावी पण परत घसरले तर काय ही पण धाकधूक आहेच. देवाने चुकलेल्या मोशे दावीदालाही वापरलं हे सांगून झालं, ते मोठे लोक होते म्हणतात. काय सांगू यांना?

जुना_संडेस्कूलवाला:
ताई मोशे दावीद राहू द्या, शुभवर्तमानवाला मार्क सांगा. पौल बर्णबा प्रचाराच्या पहिल्या फेरीला निघाले तेव्हा हा पोरगा बरोबर होता आणि पंफुल्यात पोचल्यावर यांना सोडून सरळ यरुशलेमला परत. का गेला ते लिहिलेलंच नाही. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला याला घेऊ, पौल म्हणाला अर्ध्यातून पळालेला माणूस नको, आणि दोघांचं असं वाजलं की वाटाच वेगळ्या झाल्या, बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला आणि पौलाने सीलाला घेतलं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५). आता गंमत बघा, हाच पौल स्तेफनाला विश्वासापायी दगडमार होताना कपडे सांभाळत उभा होता, पुढे तो विश्वासात आला तरी यरुशलेमात शिष्य त्याला टरकूनच होते, तेव्हा त्याला सोबत घेऊन प्रेषितांसमोर कोण उभा राहिला तर हाच बर्णबा (अध्याय ९). म्हणजे स्वतः दुसऱ्याच्या शब्दावर आत आलेला माणूस मार्काला दार लावून बसला होता! पण शेवटी तुरुंगातून आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेला उपयोगी आहे. त्या पत्रावळीवाल्या बाईंना पण ऐकवा हे, जमलं तर 😄 तुमच्या पाळकसाहेबांनी बर्णबाचं काम केलंय, आता मिस्टरांनी नुसतं चालायचंय.

कोकणी_ख्रिस्ती:
मोठे लोक म्हणता तर आपल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच घ्या ना. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, ज्यांची गाणी आपण दर रविवारी गातो तो माणूस घरात कसा होता ते त्यांच्या बायकोनेच, लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, राग नाकावर, पैसा हातात टिकायचा नाही, मनात आलं की घर सोडून निघून जायचे. बाप्तिस्म्यानंतर हे सगळं एकदम गेलं असं बिलकुल नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः पाच वर्षांनी, १९०० ला घेतला. आणि टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्तावरचं महाकाव्य, पूर्ण कोणी केलं, तर धड शाळा न शिकलेल्या या बाईने. देवाला सगळं चोख हवं असतं तर मराठी मंडळीच्या हातात गायला काय उरलं असतं सांगा.

सॅम_पिंपरी:
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. देव अपुऱ्या माणसांना वापरतो हे शंभर टक्के खरं, पण हे वाक्य घेऊन लोक काहीही खपवतात. पौलाने तीमथ्याला सांगितलंय की नवशिक्याला अध्यक्ष म्हणजे मंडळीचा पुढारी करू नको, गर्वाने फुगेल. घरसभेत वचन वाचणं म्हणजे काही अध्यक्षपद नाही त्यामुळे वाचू देत, पण दानपेटी आणि हिशोब सध्या दुसऱ्याकडे असू दे आणि रोज फोन करून कसा आहेस विचारणारा एक माणूस हवाच. पेत्राचंच बघा, मेंढरं राख म्हणून प्रभूने त्याच्यावर सोपवलं, पेंटेकॉस्टच्या सणाला हजारोंसमोर बोलला, आणि तरी अंत्युखियात यहुदी मंडळी आल्यावर परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या पंगतीतून गुपचूप मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं म्हणून बरं (गलतीकरांना पत्र, अध्याय २). तुमच्या मिस्टरांना असं तोंडावर बोलणारा कोण आहे ते आधी बघा. घसरतील या भीतीने बसवून ठेवणं मात्र मला पटत नाही, रिकामा बसलेला माणूस लवकर घसरतो.

नगरची_सून:
सगळ्यांचे आभार. सॅमभाऊ राग कसला, मला तेच हवं होतं. मार्काचं मी यांना वाचून दाखवलं तर म्हणाले हा पळालेला होता हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी आपला शुभवर्तमान लिहिणारा म्हणून पाया पडायचो. 😅 तोंडावर बोलायला आमचे मोठे दीर आहेत, ते कोणालाच सोडत नाहीत. या शनिवारी हे फक्त वाचणार आणि प्रार्थना दीर करणार असं ठरलंय. गाणं कुठलं घ्यावं? पेटीवाला नाहीये, ढोलकी आहे.

कोकणी_ख्रिस्ती:
ढोलकी आहे ना मग टिळकांचं भजन घ्या एखादं सगळ्यांना पाठ असलेलं, पेटीवाचून काही अडत नाही. आणि आधी चहा ठेवा, लोक वेळेवर येतात.