पुनर्विकासात सोसायटीला स्वतःचा सल्लागार लागतोच का?

प्रश्न: २४ सदनिकांची सोसायटी. विकासक म्हणतो, माझा आर्किटेक्ट आहेच, वेगळा पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) कशाला? तो खर्च वाचवावा का?

प्रतिसाद १: अजिबात नको! विकासकाचा आर्किटेक्ट विकासकाचंच हित बघणार. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या, ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनुसारही सल्लागार सोसायटीनेच नेमायचा आहे. त्याचं पहिलं काम व्यवहार्यता अहवाल. भूखंडाचं क्षेत्र मालमत्ता पत्रकाशी ताडायचं, एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण), टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकाम हक्क), प्रीमियम (जादा बांधकामासाठी सरकारला भरायचं शुल्क) मांडायचे आणि प्रत्येकाला किती वाढीव चटई क्षेत्र (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) देणं प्रकल्पाला झेपेल ते काढायचं. हा आकडा हाती नसताना निविदा काढली की सर्वात मोठं आमिष दाखवणारा जिंकतो आणि काम जोत्यावर अडतं.

प्रतिसाद २: मानधन टप्प्यांना बांधा, शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्रानंतरच. पैसे विकासक भरत असला तरी सोसायटीच्या खात्यातून जाऊ द्या. थेट दिले की सल्लागाराची जीभ जड होते.

प्रतिसाद ३: बांधकाम सुरू झाल्यावर काँक्रीटवर लक्ष हवं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ३० घनमीटर ओतकामाला ३ नमुने, प्रत्येकी ३ ठोकळे, २८ दिवसांनी चाचणी. ठोकळे सल्लागाराच्या माणसासमोरच भरा. नुसता अहवाल आला तर तो कुठल्या स्लॅबचा, कोण सांगणार?