मशीन हलकं झालं, वारा तोच

वेल्डिंगची इन्व्हर्टर मशीन आल्यापासून टिग (टंगस्टनची कांडी आणि आर्गॉन वायू वापरून करायचं वेल्डिंग) कोणीही मारतो, असं एका दादांनी लिहिलंय. अर्धंच पटलं. मशीन खांद्याला अडकवून रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर नेता येतं हे खरं. जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन हलवायला चार माणसं लागायची. लाल टोकाचं थोरिएटेड, म्हणजे थोरियम मिसळलेलं टंगस्टन मीही सोडलं, घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी. आता निळं लँथनेटेड, म्हणजे लँथॅनमवालं. एसी करंटवर अ‍ॅल्युमिनियमलाही तेच चालतं.

पण खाऱ्या वाऱ्याला कुठलं बटण? ताडपत्री बांधली नाही की जोडाला हवेपासून वाचवणारा आर्गॉन उडतो, जोड काळा पडतो, बारीक भोकं येतात. आणि गिऱ्हाईक समुद्रासमोर ३०४ स्टेनलेस स्टीलची रेलिंग मागतं! लवकरच तांबूस डाग. खाऱ्या हवेत जास्त टिकणारं ३१६ सांगितलं, तर भाव ऐकून चहासुद्धा न घेता उठतात.