पद्मिनी सिग्नलला बंद पडते, मिक्स्चर स्क्रू फिरवून फरकच पडत नाही – मदत हवी आहे

जाणकारांनो, गाडी प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, 1089 सीसी, सिंगल बॅरल सोलेक्स कार्ब्युरेटर. थंडीत चोकवर नीट चालते. गरम झाली की सिग्नलला गचके देत बंद. चोक जरासा ओढला की टिकते. म्हणून स्पीडचा स्क्रू आत घेऊन रेस वाढवली आहे. मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) तीन आटे फिरवला तरी आवाज तोच. प्लग, पॉइंट, कंडेन्सर (ठिणगीचे भाग) नवे. कार्ब्युरेटर बदलावा का?

प्रतिसाद १
बदलू नका. चोक ओढल्यावर टिकते म्हणजे गाडी लीन आहे: पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा जातेय.

आणि स्क्रूला दाद का नाही, तर रेस स्पीडच्या स्क्रूवर वाढवलीत. थ्रॉटलची चकती (इंजिनात जाणारी वाट उघडणारी) गरजेपेक्षा जास्त उघडली की वरची प्रोग्रेशनची भोकं (रेस वाढताना पेट्रोल देणारी) उघडी पडतात आणि इंजिन त्यांच्यावरच चालू लागतं. आयडलच्या (गाडी उभी असतानाच्या मंद चालीच्या) भोकातून काय येतं याला मग किंमत उरत नाही. आधी स्पीडचा स्क्रू मागे घ्या. त्यानंतर गाडी टिकतच नसेल तर स्लोचा जेट (मंद चालीला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) चोंदलेला समजा. जेट काढून उजेडाकडे धरा, हवेने फुंका. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं.

प्रतिसाद २
जेटच्या आधी कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग बघा. कार्ब्युरेटरचे नट जास्त आवळले की फ्लँज (इंजिनावर टेकणारा सपाट तळ) वाकते. खोलून त्यावर स्टीलची पट्टी उभी धरा. मधे उजेड दिसला तर नवं पॅकिंग टाकूनही हवा ओढणारच, फ्लँज घासून सपाट करावी लागेल. थ्रॉटलचा दांडा वरखाली हलवून पाहा. तिथला ढिलेपणा कोणत्याच स्क्रूने झाकता येत नाही.

पॉइंट नवे असले तरी गॅप फिलर गेजने 0.45 मिमीच्या आसपास आहे ना, ते बघा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) घट्ट असतील तर आयडल कधीच गुळगुळीत बसत नाही.

प्रतिसाद १
हे सगळं नीट असेल तर सेटिंग असं करा. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या (दाबलात तर टोकाला खाच पडते आणि पुढचं सेटिंगच जमत नाही), मग दीड आटा बाहेर. चालू करून रेस साधारण 900 आरपीएमवर ठेवा. पाव-पाव आटा बाहेर घ्या. आवाज चढत जाऊन एका जागी थांबेल, त्यापुढे जड होऊन धूर काळसर होईल. चढलेल्या टोकाशी परत या आणि आवाज किंचित उतरेपर्यंत आत घ्या. आता स्पीडच्या स्क्रूने 750-800 वर आणा. एक बदलला की दुसरा हलतो, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात.

ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल भरत असाल तर तेच सेटिंग थोडं लीन पडतं, त्यामुळे स्क्रू आधीपेक्षा थोडा जास्त बाहेर बसला तर घाबरू नका. जुन्या रबरी नळ्या मात्र तपासा, त्या फुगतात.

धागाकर्ता
स्पीडचा स्क्रू मागे घेतला, गाडी लगेच बंद. स्लोच्या जेटमधून उजेडच दिसत नव्हता, फुंकल्यावर हिरवट चिकट कण निघाले. आता मिक्स्चर स्क्रू ऐकतोय, सव्वा आट्याच्या पुढे आवाज जड होतो. पट्टी धरल्यावर फ्लँजच्या मधे नखाएवढा उजेड दिसतो. घासायला काचेवर पॉलिश पेपर पुरेल का?

प्रतिसाद २
पुरेल. जाड काच, 220 नंबरचा पेपर, इंग्रजी आठसारखी गोल चाल. आधी थ्रॉटलचा दांडा आणि चकती काढून ठेवा, कण आत गेले तर पुन्हा जेट चोंदेल.