व्हॅनच्या टपावरच्या सोलरवर घरातला फ्रिज चालेल का?

प्रश्न: टपावर ४०० वॅट पॅनल, आत १२ व्होल्ट २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी, १००० वॅट प्युअर साइन इन्व्हर्टर (बॅटरीच्या विजेपासून घरच्यासारखी २३० व्होल्ट वीज करणारा). गाडी उभीच असते. इन्व्हर्टरची वायर घरातल्या सॉकेटला जोडली तर?

उत्तर १: अजिबात नको! मेन (वीज कंपनीचा पुरवठा) चालू असेल तर दोन्हीकडच्या विजेच्या लाटा जुळत नाहीत, इन्व्हर्टर तत्काळ जळू शकतो. मेन बंद असेल तर वीज उलटी लाइनमध्ये जाते आणि खांबावरचा माणूस मरू शकतो. फ्रिज, दिवे, राउटर यांचं सर्किट वेगळं काढा आणि दोन पोलचा चेंजओव्हर स्विच (एका वेळी मेन किंवा इन्व्हर्टर यांपैकी एकच जोडणारा) बसवा. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. काम इलेक्ट्रिशियनकडूनच.

उत्तर २: हिशेब असा. आडवे पॅनल, साडेचार तास पूर्ण ऊन, तोटा धरून रोज साधारण सव्वा युनिट. फ्रिज त्यातलं बहुतेक खातो. गाडी सावलीत लावायची सवय असेल तर विसरा.

उत्तर ३: इन्व्हर्टर गाडीतच, बॅटरीजवळ ठेवा. १००० वॅटला १२ व्होल्टवर ९० अँपिअर लागतात, २३० वर साडेचार. म्हणून लांब वायर एसीचीच (२३० व्होल्टची) ओढा, २.५ चौरस मिमी, आरसीडीसह (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). फ्रिज सुरू होताना इन्व्हर्टर ट्रिप झाला तर सर्ज रेटिंग (क्षणभर जास्त भार पेलायची क्षमता) आणि बॅटरीकडचे लग्ज (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) तपासा.