मदत हवी आहे : अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे आदेश लष्करी कायद्यात कोठे बसवावेत?

सर्व जाणकारांना नमस्कार.

कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे आदेश आणि तेथील लष्करी कायदा यांच्या संबंधावर प्रबंध लिहीत आहे. त्याची मांडणी एका ठिकाणी अडली असल्यामुळे घटनात्मक कायद्याचा अभ्यास असलेल्या सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

या आदेशांना बळ दोन ठिकाणांहून मिळते. पहिले काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून. १९५० च्या ‘युनिफॉर्म कोड ऑफ मिलिटरी जस्टिस’ या लष्करी संहितेच्या कलम ३६ ने कोर्ट-मार्शलची कार्यपद्धती आणि पुराव्याचे नियम ठरवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला, त्यामुळे ‘मॅन्युअल फॉर कोर्ट्स-मार्शल’ ही नियमपुस्तिका राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकारी आदेशानेच जारी होते आणि त्यातील दुरुस्त्याही तशाच होतात. कोर्ट-मार्शलमध्ये देहदंड देण्यासाठी गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणारे कोणते घटक सिद्ध व्हावे लागतात, हे राष्ट्राध्यक्षांनी आदेशाद्वारे ठरवणे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या लव्हिंग खटल्यात वैध मानले. हा भाग मला स्पष्ट आहे.

दुसरे बळ राज्यघटनेने दिलेल्या सरसेनापतिपदाचे. २६ जुलै १९४८ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आदेश क्रमांक ९९८१ काढून सैन्यदलांत वंश, वर्ण, धर्म यांचा विचार न करता समान वागणूक व संधी देण्याचे धोरण घोषित केले, आणि त्यासाठी काँग्रेसच्या नव्या कायद्याची वाट पाहिली नाही. त्याच ट्रूमन यांनी कोरियन युद्धाच्या काळात पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला, तेव्हा १९५२ साली न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. न्या. जॅक्सन यांनी त्या वेळी केलेली राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराची त्रिस्तरीय वर्गवारी (काँग्रेसची संमती असताना, ती गप्प असताना आणि तिची इच्छा विरुद्ध असताना) माझ्या प्रबंधाचा कणा आहे.

अडचण येते ती १३ नोव्हेंबर २००१ च्या बुश यांच्या लष्करी आदेशापाशी. त्या आदेशाने दहशतवादाच्या संशयितांवर लष्करी आयोगांपुढे खटले चालवण्याची व्यवस्था केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या हमदान निकालात त्या आयोगांची रचना लष्करी संहितेचा आणि जिनिव्हा करारांचा भंग करणारी ठरली. परंतु काही महिन्यांतच काँग्रेसने ‘मिलिटरी कमिशन्स अ‍ॅक्ट’ संमत करून आयोगांना कायद्याचा आधार दिला. म्हणजे आदेशाने उभी केलेली रचना न्यायालयात टिकली नाही, तरी कायदा त्याच दिशेने झाला. जॅक्सन यांच्या वर्गवारीत या परिणामाला जागा दिसत नाही, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. याउलट जानेवारी २००९ मध्ये ओबामा यांनी क्यूबातील ग्वांतानामो या अमेरिकी तळावरील बंदिगृह वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला. काँग्रेसने कैद्यांच्या स्थलांतरासाठी निधी वापरण्यावर बंधने घातली आणि बंदिगृह सुरूच राहिले. वैध असूनही निष्प्रभ राहिलेला आदेश आणि न्यायालयात हरूनही कायद्याला वळण देणारा आदेश यांची एकत्र चर्चा करण्यासाठी कोणती सैद्धांतिक चौकट वापरावी?

दुसरा प्रश्न राष्ट्राध्यक्षांच्या राष्ट्रीय सुरक्षाविषयक निर्देशांचा आहे. त्यांची नावे राष्ट्राध्यक्षागणिक बदलतात, आणि त्यांतील अनेक वर्षानुवर्षे गोपनीय राहतात. अमेरिकी न्याय खात्याने २००० साली असे मत दिले की निर्देशाचा कायदेशीर परिणाम कार्यकारी आदेशाइतकाच असतो, बाह्य स्वरूपाने फरक पडत नाही. हे मत मान्य केले, तर ज्याचा मजकूर नागरिकाला वाचताच येत नाही अशा दस्तऐवजाला कायद्याचे बळ मिळते, आणि हे मला गंभीर वाटते. गोपनीय निर्देशांची न्यायालयीन तपासणी कितपत शक्य आहे, यावर कोणी अभ्यास केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

शेवटच्या प्रकरणात भारताशी तुलना करण्याचा विचार आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३(२) नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असले, तरी त्याचा वापर कायद्याने विनियमित होतो, आणि १९५० च्या सेना अधिनियमाखालील नियम केंद्र सरकार करते. अधिकारांची रचनाच इतकी भिन्न असताना ही तुलना ठेवावी की गाळावी, याबद्दलही आपले मत कळवावे.