मदत हवी आहे: छापल्यावर स्क्रीनशॉटमधील रफार आणि अनुस्वार पुसट होतात

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयातील ज्येष्ठ सभासदांसाठी मी मराठी टंकलेखनाच्या इनस्क्रिप्ट कळफलकाची एक छोटी पुस्तिका तयार करत आहे आणि प्रत्येक पायरीला पडद्यावर काय दिसायला हवे, याची चित्रे तीत घालत आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. अल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही बटणे एकत्र दाबून मी चालू विंडोचे चित्र घेतो, पेंटमध्ये चिकटवतो, जेपीजी म्हणून साठवतो आणि वर्डमध्ये पानाच्या रुंदीइतके ताणतो. छापून पाहिले, तेव्हा 'कर्म'मधील रफार शिरोरेषेत विरला होता आणि 'संगणक'वरील अनुस्वार शाईचा डाग वाटत होता. अनुस्वार कसा उमटवावा हेच शिकवणाऱ्या पुस्तिकेत हे कसे चालावे? शिवाय उघडलेल्या मेनूचे चित्र घ्यायला जावे, तर अल्ट दाबताच तो मिटतो. यासाठी एखादे विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?

प्रतिसाद:

विकत काहीही घेऊ नका. जेपीजी हा प्रकार छायाचित्रांसाठी आहे. तो चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतील बारकावे गाळतो, त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती धूसरपणा येतो. पीएनजी या दुसऱ्या प्रकारात काहीच गाळले जात नाही. मात्र आधीची जेपीजी चित्रे नुसती पीएनजी करून गेलेले बारकावे परत येणार नाहीत; ती नव्याने घ्यावी लागतील.

खरी अडचण पिक्सेलच्या संख्येची आहे. छपाईसाठी साधारणपणे एका इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने १९२० पिक्सेल रुंदीचा संपूर्ण पडदा ६.४ इंच भरतो, तर ६०० पिक्सेलची विंडो जेमतेम २ इंच. तीच ५ इंचांपर्यंत ताणली, की इंचाला १२० पिक्सेल उरतात. म्हणून चित्र घेण्याआधी डिस्प्ले सेटिंगमधील 'स्केल' २०० टक्के करा, म्हणजे अक्षरे मुळातच दुप्पट पिक्सेलमध्ये रेखली जातील. वर्डच्या 'ऑप्शन्स'मधील 'ॲडव्हान्स्ड' विभागात 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' यावर चित्रे घालण्यापूर्वीच खूण करा. मेनूसाठी विंडोजमधल्याच स्निपिंग टूल या चित्र घेण्याच्या साधनात काही सेकंदांचा विलंब लावा आणि तेवढ्या वेळात मेनू उघडून ठेवा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. २०० टक्क्यांवर एका विंडोचा खालचा भाग पडद्याबाहेर गेला, म्हणून तेवढ्या चित्रासाठी १५० टक्के ठेवले. घरच्या प्रिंटरवर एक पान काढले आहे. त्यात 'कर्म'चा रफार चष्म्याशिवायही वाचता येतो. मेनूची तीन चित्रे आज रात्री पुन्हा घेणार आहे.