अनुभव धागा: कपड्यांवर पाखरं शिटली, तर तुम्ही काय करता?

गॅलरीत दांडीवर कपडे आणि वरच्या मजल्याच्या एसीवर कबुतरं, ही आमच्याकडची कायमची परिस्थिती. काल नवऱ्याचा पांढरा सुती शर्ट गेला. डाग काढायला तुम्ही घरातलं काय वापरता? कापड कोणतं होतं आणि डाग खरंच गेला का, तेही लिहा. ‘व्हिनेगर लावा’ एवढंच लिहून पळू नका!

गिरगावकर: ओली असताना पुसायची नाही, हा आमच्या आईचा नियम. पुसलं की धाग्यात शिरते आणि दुप्पट पसरते. वाळू द्या, मग जुन्या कार्डाच्या कडेने खरवडा. निम्मं काम तिथेच होतं.

पांढरा कोट: गिरगावकर, कबुतरांच्या बाबतीत हे करू नका. वाळलेल्या शिटेची धूळ छातीत जाते. कबुतरांच्या सततच्या सहवासाने फुप्फुसांना सूज येण्याचा आजार होतो, दादरच्या कबुतरखान्यावरून झालेल्या वादात हाच मुद्दा होता. ओली असेल तर चमच्याने वरच्या वर उचला. वाळली असेल तर ओलं फडकं काही मिनिटं वर ठेवा, मग खरवडा. नंतर हात साबणाने धुवा.

गिरगावकर: मान्य. आईला हे सांगायची हिंमत मात्र तुम्हीच करा.

रसायनवाल्या बाई: शर्टाबद्दल. पक्ष्यांची लघवी वेगळी नसते, शिटेतला पांढरा भाग म्हणजे तीच: मुख्यतः यूरिक आम्ल. ते साध्या पाण्यात जेमतेम विरघळतं, अल्कलीत बरं विरघळतं. म्हणून पांढऱ्या भागाला व्हिनेगर नव्हे, धुण्याचा सोडा. अर्ध्या बादली कोमट पाण्यात दोन चमचे, तासभर भिजवा, मग नेहमीची पावडर. कढत पाणी पहिल्यांदाच ओतू नका, त्यातली प्रथिनं कापडावर बसतात. हे सुती कपड्यांपुरतं.

सावंतवाडीची माहेरवाशीण: बाई, जांभळांच्या दिवसांत तुमचा सोडा आमच्याकडे चालत नाही! बुलबुल नि कोकिळा जांभळं खाऊन शिटतात, तो डाग जांभळा. त्यावर सोडा पडला की हिरवट-निळा होतो, वहिनीच्या पांढऱ्या परकराचं तेच झालं. लिंबू पिळल्यावर तो परत लालसर झाला. मग मीठ-लिंबू लावून उन्हात टाकला, सुकला की पुन्हा लिंबू. धुतल्यावर नुसती फिकट सावली राहिली, तीही पुढच्या धुण्यांत गेली. रंगीत कपड्याला हे करू नका, लिंबू आणि ऊन मिळून रंग खातात.

रसायनवाल्या बाई: बरोबर. फळांच्या रंगाला आंबट, पांढऱ्या भागाला सोडा. आधी डाग बघा, मग डबा उघडा.

पैठणीप्रेमी: आंब्याखाली मांडव, वर कावळे, खाली माझी मोरपिशी पैठणी. एक काकू लिंबू घेऊन धावल्याच, त्यांना अडवलं. जरीला लिंबू नको. ‘एन्झाइम’वाली पावडरही नको. ती प्रथिनं तोडते आणि रेशीमही प्रथिनच. लोकरीचंही तसंच. मी फक्त टिपकागदाने टिपलं आणि ड्रायक्लीनरकडे दिली, डाग कशाचा ते सांगून. हे सांगायला लाजू नका, त्यावरून तो द्रव ठरवतो. साध्या रेशमी ब्लाउजला मात्र रिठ्याचं पाणी पुरतं, थंड, न चोळता.

बगळेवाडा: आमच्या सोसायटीच्या वडावर पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत असते. डाग परवडला, मासळीचा वास नको! मुलाच्या स्वेटरला खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवते, सकाळी झटकून थंड पाण्यात लोकरीच्या साबणाने धुते. छत्री मात्र सप्टेंबर संपेपर्यंत हातात, पाऊस असो-नसो.

नवशिका: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र टाकलं तर लवकर जाईल का?

पांढरा कोट: अजिबात नको! क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तर जिवावर बेतेल.

धागाकर्ती: सोड्याने पांढरं गेलं, मधला तपकिरी ठिपका राहिला होता. त्यावर मेडिकलमधलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने लावलं, थोड्या वेळाने धुतलं. शर्ट आज ऑफिसला गेला. आता माझ्या काळ्या कुर्त्याचं सांगा, त्यालाही हेच चालेल?

रसायनवाल्या बाई: नको, रंग उडेल. काळ्याला भांड्यांचं लिक्विड आणि थंड पाणी, तेही आधी आतल्या शिवणीवर लावून बघा.